हौदावरचा बैल

नीरजाताई नळदुर्गात आल्या तेव्हा लोकांनी त्यांना आधी वीरप्पाकडं पाठवलं. यात लोकांची चूक नव्हती. गावात ज्या ज्या दारावर, तालमीवर, विहिरीच्या कठड्यावर चुन्याची उठावाची चित्रं आहेत, त्या जवळजवळ प्रत्येकाखाली त्याचंच नाव आहे. सिंह असो, मोर असो, दोन हत्तींमधली लक्ष्मी असो, खाली कोपऱ्यात लाल अक्षरांत 'वीरप्पा पेंटर, नळदुर्ग' आणि पुढं साल. पंच्याहत्तर, ब्याऐंशी, एक्क्याण्णव. परका माणूस ते वाचणार आणि म्हणणार, एवढं सगळं या एका माणसानं केलं.

केलं मी होतं.

मी बलभीम गवंडी. वय अठ्ठ्याहत्तर, आधारकार्डावर शहात्तर. माझे वडील धोंडीबा चुन्याचंच काम करायचे. चुना महिनाभर भिजवायचा, दगडी चाकाच्या घाणीत मळायचा, त्यात गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर आणि बारीक कापलेला ताग घालायचा. विटांचे तुकडे आणि तार बांधून आधी जनावराचा सांगाडा भिंतीत बसवायचा, मग त्यावर थराथरानं मांस चढवायचं. शेवटचा थर वस्त्रगाळ चुन्याचा. बोटानं आणि बांबूच्या चिरीनं आयाळ काढायची, पिसं काढायची. मग दीड महिना सुकू द्यायचं. त्यानंतर रंगारी येणार.

आणि इथं आमच्या गावची एक रीत आड येते. चित्र रंगवून झालं की शेवटी डोळे उघडायचे. घरधनी सोयऱ्यांना बोलावतो. रंगारी शिडीवर चढतो आणि बारीक ब्रशानं बुबुळाचा काळा ठिपका ठेवतो. खाली लोक टाळ्या वाजवतात, रंगाऱ्याला टोपी, उपरणं, नारळ देतात. ज्यानं डोळे उघडले त्याचं काम, असा सगळा कारभार. गवंड्याचा मान पाया भरताना झालेला असतो, त्यामुळं त्या दिवशी गवंडी इतर पाहुण्यांसारखा पंगतीला बसतो. माझे वडील तसेच बसत आले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. बावीस वर्षांचा होतो तेव्हापासून वाटत आलं. वीरप्पा शिडीवर उभा आणि मी खाली पत्रावळीवर, हे चित्र माझ्या डोक्यात अजून ताजं आहे.

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. वीरप्पा सातवी शिकलेला, अक्षर मोत्यासारखं. शेहेचाळिसाव्या वर्षी मी मारुतीच्या देवळातल्या साक्षरता वर्गाला जाऊ लागलो. चंद्रप्रभाबाई शिकवायच्या. बाकीचे म्हातारे एसटीची पाटी वाचता यावी, अंगठा उठवायला लागू नये म्हणून यायचे. मी यायचो माझ्या सिंहांच्या खाली काय लिहिलंय ते वाचायला. ते वीरप्पाचं नाव आहे हे मला ठाऊक होतं. पण तोवर ते नुसते लाल डाग होते. वाचायला आलं आणि मग प्रत्येक गल्लीत तो मला भेटायला लागला. तालमीपाशी वीरप्पा, शाळेपाशी वीरप्पा, माझ्या सासऱ्यांच्या दारावर वीरप्पा.

नीरजाताई पुण्याच्या एका संस्थेकडून आल्या होत्या. किल्ल्याची नोंद सरकारदरबारी आहे, पण रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतील अशा गावातल्या चित्रांची आणि मूर्तींची नोंद कुणी केली नव्हती. रस्ता रुंद होतो, घरावर स्लॅब पडतो आणि सिंह, मोर ट्रॉलीत भरून ओढ्याला जातात. दहा वर्षांत निम्मे असेच गेले. ताईंना एकेकाचा फोटो घ्यायचा होता, मापं घ्यायची होती, कशाचं केलंय, कितपत शाबूत आहे, कुणी केलंय ते लिहायचं होतं. ही यादी मार्चअखेर वर जाणार होती. यादीत आलेलं काम विचारल्याशिवाय पाडता येणार नव्हतं, आणि डागडुजी होणार ती यादीत लिहिलेल्या माहितीवरून होणार. एकदा यादी गेली की तिच्यात बदल नाही.

वीरप्पाला गुडघ्यांमुळं दारातल्या बाजेवरून उठवत नाही. त्यानं ताईंना सांगितलं, बलभीमला घेऊन जा, त्याला सगळे गल्लीबोळ ठावं हायत. हे ताईंनीच मला येऊन सांगितलं, तेही आनंदानं. गल्लीबोळ ठावं हायत, एवढंच. त्यानं दिलेल्या शिफारशीवर मी त्याच्या नावाची यादी करायला निघालो.

पहिल्या दिवशी आठ झाली. ताई खाली वाकून नाव वाचायच्या आणि हातातल्या पाटीएवढ्या यंत्रावर बोटानं टिपायच्या. मी टेपचं दुसरं टोक धरून उभा. तालमीच्या दारावरचे दोन पैलवान मी चोविसाव्या वर्षी केले. त्यातल्या डावीकडच्याची मांडी मला तीनदा उतरवावी लागली होती, कारण जोर कुठल्या पायावर आहे ते कळत नव्हतं. शेवटी मी स्वतः तालमीत जाऊन एकाला पकड धरून उभं राहायला सांगितलं. ताईंनी वाचलं, 'वीरप्पा पेंटर', आणि टिपलं. म्हणाल्या, काय अभ्यास आहे हो या माणसाचा, स्नायू बघा. मी म्हणालो, व्हय.

दुसऱ्या दिवशीही गप्प राहिलो. घरी तुळजाबाईनं, माझ्या बायकोनं, विचारलं की चेहरा असा का झालाय. मी सांगितलं ऊन लागलं. ती म्हणाली, "ऊन न्हाय, वीरप्पा लागलाय तुमास्नी. पंचावन्न वरसं झाली, उतरंना."

तिसऱ्या दिवशी शाळेच्या कमानीवरच्या राघूंपाशी माझ्यानं राहवेना.

"ताई, ते रंगवणाऱ्याचं नाव हाय," मी म्हणालो.

त्या थांबल्या. मी त्यांना डोळे उघडण्याची रीत सांगितली. चुना कसा मळतात, सांगाडा कसा बांधतात, कुठल्या राघूची चोच कुठं मोडून पुन्हा केली, सगळं सांगितलं. त्या शाळेच्या पायरीवर बसल्या.

"म्हणजे आत्तापर्यंतची सगळी?"

"सगळी. त्याच्या आधी माझ्या वडलांनी केलेली पाच सोडून."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या की त्यांचा माझ्यावर विश्वास आहे, पण भिंतीवर एक नाव आणि यादीत दुसरं, असं करायचं तर कागद तरी हवा किंवा कामाच्या वेळी हजर असलेल्या दुसऱ्या कुणाचा तरी जबाब. कागद तेव्हा कोण करायचं? घरधनी एकेक करून वारले, त्यांची मुलं तेव्हा लहान होती. त्यांना आठवतो तो डोळे उघडल्याचा दिवस, आणि त्या दिवशी शिडीवर कोण होतं ते आम्हाला ठाऊकच आहे.

"वीरप्पा आजोबा सांगतील ना," ताई म्हणाल्या.

मी म्हणालो, त्याला विचारू नका. का, म्हणून त्यांनी विचारलं. मी टेप गुंडाळत राहिलो. खरं कारण असं, की माझं नाव त्याच्या तोंडून यादीत जायला मला नको होतं. पन्नास वर्षं त्यानं ते आपल्या हातानं झाकलं, आता त्यानंच काढून द्यायचं आणि मी हात जोडून घ्यायचं? त्यापेक्षा तसंच राहू दे असं एकीकडं वाटे. दुसरीकडं वाटे की मार्चअखेरीला फक्त तीन आठवडे राहिलेत आणि मी काही पुढच्या यादीपर्यंत टिकणार नाही.

त्याच दुपारी आम्ही जुन्या बाजारातल्या हौदापाशी आलो.

हा हौद गुरांना पाणी पाजायचा. आता कोरडा आहे, बाजारही हलला. हौदाच्या मागच्या भिंतीवर एक बैल आहे. बसलेला नाही आणि उभाही नाही. उठतोय. मागचे पाय उभे झालेत, पुढचे गुडघे अजून जमिनीला आहेत, मान पुढं ताणलेली आणि सगळा भार खांद्यावर. ज्यानं रोज पहाटे गोठा बघितलाय त्याला माहीत असतं की बैल मागून उठतो. पण माहीत असणं आणि ते भिंतीत आणणं यात फार अंतर आहे. त्या बैलाकडं बघितलं की आपल्याच गुडघ्यात जोर येतो, आपण त्याला मनात म्हणतो, हं, उठ.

ताईंनी यंत्र खाली ठेवलं. टेप मागितली नाही. समोरच्या दगडावर बसून राहिल्या. माझ्या पैलवानांपुढं त्या पाच मिनिटं होत्या, लक्ष्मीपुढं दहा. इथं मी उन्हात अर्धा तास उभा होतो.

"याच्याखाली नावच नाहीये," त्या म्हणाल्या. "आजोबा, हा कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

हा बैल माझा नव्हता. चौऱ्याऐंशी साली मी अक्कलकोटच्या बाजूला एका मठाच्या शिखराच्या कामावर चार महिने होतो. परत आलो तर हा भिंतीवर. वीरप्पानं स्वतःच्या हातानं केला होता. रंगाऱ्यानं! तरटाआड केला म्हणून गावाला कळलं नाही, मला चुन्यावरून कळलं. त्याला चुना मळता येत नव्हता. गूळ जास्त झालेला, ताग कमी. वर्षाच्या आत पोटाला तडा गेला. तो तडा बघायला मी आठवड्यातून दोनदा हौदावर जायचो आणि मला बरं वाटायचं. पण तडा पोटापर्यंतच राहिला, खांद्यापर्यंत चढला नाही. मी जन्मात एकोणीस नंदी केले. सगळे बसलेले, सगळे घाटदार, गळ्यात घंटांची माळ. हौदावरचा बैल बघितल्यावर मला माझे एकोणीसही नंदी मिठाईच्या दुकानातल्यासारखे दिसायला लागले.

वीरप्पानं त्याच्याखाली नाव लिहिलं नाही. का लिहिलं नाही ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. लोक धरून चालले की खाली नाव नाही म्हणजे काम गवंड्याचं, बलभीमचं. बाजाराच्या दिवशी कुणी म्हणायचं, बलभीमा, बैल लई झ्याक केलास. मी मान हलवायचो. एकदा वीरप्पा शेजारीच तंबाखू मळत बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या न बघण्याचा मला जेवढा राग आला तेवढा त्याच्या लाल अक्षरांचा कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताई मला न विचारता वीरप्पाकडं घेऊन गेल्या. रस्ता वळला तेव्हा माझ्या लक्षात आलं. मागं फिरलो असतो तर खोटा ठरलो असतो, म्हणून गेलो. भांडणाची तयारी करूनच गेलो. तो नाही म्हणाला तर काय काय काढायचं ते चालता चालता मनात लावून ठेवलं.

"बर्री, बर्री," तो बाजेवरून म्हणाला. घरात त्यांचं कानडी, पाहुण्यालाही तो तसंच बोलावतो. पार्वतम्मानं, त्याच्या बायकोनं, ताईंसाठी चटई टाकली आणि मला खुर्ची दिली. डोळ्यांत त्याच्या पडदे आलेत, माणूस ओळखतो तो आवाजावरून.

ताई एकेक चित्र सांगत गेल्या. तालमीचे पैलवान. वीरप्पा म्हणाला, "उठाव बलभीमचा, रंग माझा." शाळेचे राघू. "उठाव बलभीमचा, रंग माझा." विहिरीवरची लक्ष्मी, पेठेतले सिंह, वाण्याच्या दारावरचा बंदूकवाला शिपाई. न अडखळता, दळण दळावं तसं तो सांगत गेला. मध्येच एकदा म्हणाला की त्या शिपायाची मिशी मात्र आपली, बलभीमनं त्याला कोवळा पोरगा केला होता. ताई हसल्या. त्यांनी जबाब लिहून घेतला. त्याला सही करायला कागद दिसेना, तर त्यांनी बोट धरून जागा दाखवली.

मी मनात लावून ठेवलेलं सगळं तसंच राहिलं. ज्याच्याशी पन्नास वर्षं भांडायचं ठेवलंय तो माणूस पहिल्याच बोलण्याला हो म्हणतो, तेव्हा काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"आणि हौदावरचा बैल," ताई म्हणाल्या. "त्यावर कुणाचंच नाव नाही."

वीरप्पाचा हात बाजेच्या दोरीवर थांबला. "तेचं काय सांगितलं बलभीमनं?"

"त्यांचाच म्हणाले."

त्यानं तोंड माझ्या खुर्चीकडं वळवलं. डोळे पांढुरके, बघत होते की नव्हते कळत नव्हतं. मग म्हणाला, "तेचाच. लिवा."

पुढचे आठ दिवस मला गावात मान मिळाला. ताईंनी ग्रामस्थांना सांगितलं होतं की खरे कारागीर कोण ते कळलं. ज्यांच्या दारावर माझे मोर पन्नास वर्षं आहेत ते मला पहिल्यांदा चहाला बोलवायला लागले. यादीत त्रेचाळीस ठिकाणी 'बलभीम धोंडीबा गवंडी'. ताईंनी मला यंत्रावर दाखवलं. मी प्रत्येक वाचलं, त्रेचाळीसही वेळा, आणि ताई थांबल्या तोवर. एवढ्यावर माणसाचं समाधान व्हायला हवं होतं.

मग त्यांनी मुखपृष्ठ दाखवलं. यादीचं पुस्तक निघणार होतं आणि पहिल्या पानावर हौदावरचा बैल. खाली माझं नाव. आत त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या, त्या मी हळूहळू वाचल्या. बाकीच्या कामांत कारागिराचा सराव दिसतो, पण या एका कामात त्याची सगळी ताकद एकवटली आहे, अशा अर्थाचं काहीतरी. ताईंना वाटलं माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आनंदानं.

त्या दिवसापासून जो भेटेल तो बैलाचं बोलायला लागला. पोस्टातला भागवत म्हणाला, बाकीचं ठीक हाय, पर बैल म्हंजे बैल. बाकीचं ठीक हाय! पैलवानाची ती तीनदा उतरवलेली मांडी, राघूच्या चोची, माझी सगळी उमर, ठीक हाय. आणि जे माझं नाही तेवढं मोठं. उद्या मी गेलो, वीरप्पा गेला, की कुणीही पुस्तक उघडून म्हणणार, बलभीमला एकदाच खरं जमलं, हौदावर. आणि ते एकदा त्याचं.

जेवण जाईना. तुळजाबाईला मी खरं सांगितलं. बैल कुणाचा ते तिला चाळीस वर्षं ठाऊक होतं, ती फक्त बोलली नव्हती. भाकरी थापता थापता म्हणाली, "पैली तेच्या नावानं जळत होतासा. आता सवताच्या नावानं जळायलासा. काय बी करा, पर एकदा जाऊन बोला तेच्याशी. मला रोज हे तोंड बघवंना."

सकाळी मी वीरप्पाकडं गेलो. तो ऊन खात बसला होता.

"बैल तुझा हाय," मी म्हणालो.

"व्हय."

"मग माझं नाव का सांगितलंस?"

"तूच सांगितलेलं की. त्या पोरीसमोर तुला खोटं पाडू?"

"पाडायचं होतंस."

"पार्वतम्मा," त्यानं आत हाक मारली, "ह्याला ताक दे. सकाळी सकाळी तापलाय."

ताक आलं. मी तांब्या हातात धरून बसलो. मग जे चाळीस वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. त्याखाली नाव का लिहिलं नाहीस?

त्यानं पायावरून हात फिरवला.

"नाव लिवलं असतं तर गावानं दुसरा मागितला असता," तो म्हणाला. "म्या करून बघितलं की. तू अक्कलकोटला होतास तवाच. परसात तीन केले. एक कुत्र्यावानी झाला. दुसरा म्हशीवानी. तिसऱ्याला ही आतनं येऊन म्हणती, घूस केलीसा काय वो." आतून पार्वतम्मा हसल्याचा आवाज आला. "फोडून टाकले. तुझ्याच्यानं रोज व्हायचं. तुला झोपेतनं उठवून सांगितलं तरी तू सिंह करून परत झोपला असतास. माझ्याच्यानं एकदाच झालं, आन् कसं झालं ते मला आजपत्तूर ठावं न्हाय. ठेव तुझ्याकडं. माझं नाव लई झालंय भिंतीवर."

माझ्या वयाच्या माणसानं हे ऐकून उठून त्याचा हात धरायला हवा होता. तसं मनात आलंही असेल. पण त्याच्या आधी जे आलं ते सांगतो. त्याला एकदाच जमलं. मला रोज जमलं, पण तसं एकदाही नाही. आणि तो ते एक मला देऊन टाकत होता, राहिलेली पोळी शेजाऱ्याला द्यावी तसं. मी मागितलं म्हणून. मी ताईंपुढं हात पसरला आणि त्यानं त्यात टाकलं.

"तुझं दिलेलं ठेवून घेणारा मी न्हाय," मी म्हणालो.

"मग काय करतोस?"

"तुझं तुला परत."

"बघ," तो म्हणाला. "पर ताक पिऊन जा. ते तरी ठेवून घे."

मी ताक प्यालो आणि ताई उतरल्या होत्या त्या विश्रामगृहावर गेलो. मार्चचे चार दिवस राहिले होते. ताई कागदांच्या पसाऱ्यात बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं की मी खोटं बोललो, बैल वीरप्पानं केला, उठावही त्याचा आणि रंगही त्याचा.

त्यांचा चेहरा उतरला. आणखी कुठल्या कुठल्या कामाबद्दल खोटं बोललात, असं त्यांनी विचारलं नाही, पण डोळ्यांत ते होतं. मी म्हणालो की त्रेचाळीसपैकी बाकीच्या बेचाळिसांबद्दल वीरप्पाचा जबाब आहे आणि तो खरा आहे. या एकाबद्दल त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं. हवं तर परत जाऊन विचारा, पार्वतम्मालाही विचारा, तिनं परसातले मोडके बैल बघितलेत.

 त्यांनी दुरुस्तीचा कागद काढला आणि म्हणाल्या, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हणालो, मी लिहितो.

लिहायला वेळ लागला. माझं अक्षर मोठं आणि तिरकं येतं. 'हौदावरचा बैल. उठाव वीरप्पा. रंग वीरप्पा. साल १९८४. मी त्या वेळी गावात नव्हतो.' खाली माझं नाव, वडलांचं नाव. वीरप्पाचं नाव मी जन्मात पहिल्यांदाच लिहीत होतो. ते वाचत तीस वर्षं आलो होतो.

ताईंनी कागद घेतला. म्हणाल्या, हे सांगायला फार मोठं मन लागतं. मी म्हणालो, "मन बिन काय न्हाय, ताई. बैल माझ्या कामापरीस चांगला झालाय. माझ्या नावाखाली ठेवला तर माझं बाकीचं समदं फिकं पडतंय. त्याच्या नावाखाली असला तर तेचं एकच पडतंय, आन् माझे बेचाळीस."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. हे त्यांनी लिहून घेतलं नाही.

वीरप्पाला मी काही सांगायला गेलो नाही. ताई गेल्या, त्यांना नव्यानं जबाब घ्यावा लागला. त्यांनी सांगितलं की तो म्हणाला, बलभीम हटला न्हाय म्हंजे. एवढंच.

पुस्तक पावसाळ्यानंतर आलं. एक प्रत मला, एक त्याला. मुखपृष्ठ त्यांनी बदललं नव्हतं. मला वाटलं होतं नाव बदलेल तर चित्रही बदलेल, माझे पैलवान तरी घेतील. पण बैल तिथंच होता, उठत होता, आणि त्याखाली छापलेल्या काळ्या अक्षरांत वीरप्पाचं नाव. भिंतीवर त्याचं नाव रंगात होतं, ऊनपावसानं फिकं होणारं. आता ते कायमचं झालं, आणि ते मीच लिहून दिलं होतं.

तुळजाबाई चुलीपुढून उठून शेजारी येऊन बसली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, वाचून दाखवा की, काय काय हाय.

मी पुस्तक उघडलं.

"वरच्या पानावर काय हाय?" तिनं विचारलं.

"चित्र हाय."

"खाली अक्षरं दिसत्यात की."

"बारीक हायत," मी म्हणालो, आणि दुसऱ्या पानापासून वाचायला सुरुवात केली. तालमीच्या दारावरचे पैलवान, उठाव बलभीम धोंडीबा गवंडी.